नऊ, दहा, अकरा नंबरचे जोड

मुंगवड्या अर्ध्या घालून झाल्या होत्या. गच्चीवर जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर सात ओळी झालेल्या, आणि परातीत वाटलेली डाळ अजून तेवढीच शिल्लक. मार्चमध्ये कुरुदला दहा वाजताच ऊन तापतं, म्हणून मी घाई करत होते. तेवढ्यात खाली फाटकाची कडी वाजली.

"वहिनी, वही आहे का जवळ?"

शेषरावभाऊजी होते, आमचे शेजारी. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. ते फाटकातच उभे, आत आले नव्हते.

"कोणती वही, भाऊजी?"

"तुमची. ज्याच्यात तुमी रोज लिवता ते."

मला जरा लाजच वाटली. बावीस वर्षं झाली, संध्याकाळी दिवा लावला की मी चार ओळी लिहिते. तिथी, वार, काय रांधलं, आरती किती वाजता झाली, प्रसाद कोणाला दिला. देवाच्या समोर बसून लिहिलं की दिवस त्याला दाखवल्यासारखा वाटतो. पण ती वही आजपर्यंत कोणी मागितली नव्हती. आमच्या ह्यांनीही नाही.

"हाताला डाळ लागली आहे. काय पाहिजे होतं?"

"मले नाही पाहाची. तुमीच पाहा. गुरुवारी माह्यासाठी परसाद किती वाजता आनला होता, तेवढं सांगा."

हात धुतले, खाली आले, वही काढली आणि त्यांना वाचून दाखवलं. 'आरती १०.४०. शिरा, पाव किलो रव्याचा. प्रसाद शेषरावभाऊजींना भूषणच्या बांधकामावर, ११ वाजता.'

त्यांनी खिशातून एक चिठोरं काढलं. पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते, एकाखाली एक. एका आकड्यावर बोट ठेवून ते बराच वेळ पाहत राहिले.

"अकराच्या आधी नाही ना?"

"नाही. लिहिलं आहे न. काय झालं?"

"काही नाही." चिठोरं घडी करून खिशात गेलं. "वड्याकडे ध्यान ठेवा, कावळे बसून राहिले तारेवर."

चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाले. असं कधी होत नाही. मी वर गेले आणि उरलेल्या वड्या घातल्या, तोवर डाळीला वरून पापडी धरली होती.

त्यांनी ते का विचारलं हे मला सोमवारी कळलं. पण ते सांगायच्या आधी भाऊजी कोण ते सांगायला पाहिजे.

शेषराव शिवणकर आमगावकडच्या एका खेड्यातले. घरी धानाची शेती, भाऊ चार. वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला बांधच जास्त आला असता, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ते भिलाईला आले. पोलादाच्या प्लांटमध्ये आधी खलाशी, म्हणजे ओझी उचलणारे मदतनीस म्हणून लागले, मग पाईप फिटर झाले. सदतीस वर्षं पाण्याच्या लाइनीवर काढली. भट्टीच्या अंगाभोवती पाणी फिरत असतं, ते थांबलं तर भट्टीचं अंग जळतं, असं ते सांगतात. "लोक म्हनतात पोलाद आगीनं होते. पान्याचं कोनी नाव घेत नाही."

सेक्टर ६ मध्ये आमचे क्वार्टर भिंतीला भिंत लागून होते. त्यांची मैनाबाई आणि मी लाटण्यानं भिंत ठोकायचो. दोनदा ठोकलं की चहा झाला, तीनदा ठोकलं की ये, काही सांगायचं आहे. दोन्ही घरांनी भिलाईच्या कडेला कुरुदला प्लॉटही शेजारीशेजारीच घेतले. भाऊजी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून इकडे आले. आमच्या ह्यांची नोकरी अजून दोन वर्षं आहे, पण आम्हीही त्यांच्या मागोमाग आलो. इथं दोन घरांच्या मध्ये चार फुटांची बोळ आहे. मैनाबाई म्हणायची, "आता लाटनं पुरत नाही वच्छला, फेकून मारा लागते." इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. त्याला चार वर्षं झाली.

तेव्हापासून भाऊजी एकटे. मुलगा धर्मेंद्र पुण्याला. दर रविवारी अकराला त्याचा फोन येतो. नातू मोनू हिंदीत विचारतो, "दादाजी, खाना खाया?" भाऊजी म्हणतात, "हाँ बेटा, खाया." मग धर्मेंद्र म्हणतो, बरं बाबा, ठेवतो. हे सगळं मला बोळीतून ऐकू येतं, कारण भाऊजी फोन खिडकीत उभे राहून घेतात. तिथंच नेटवर्क येतं.

पहाटे पाचला त्यांचा दिवा लागतो. अंगण झाडतात, आंघोळ करतात, दोन गमछे आणि एक शर्ट धुतात, एक भाजी करतात, तीच दोन्ही वेळ खातात. एकदा मला म्हणाले, "सातला सगळं आटपून जाते वहिनी. मंग दिवस उरते." उरलेल्या दिवसात ते गल्लीतले नळ पाहत फिरतात. माझ्या घरचा एकही नळ सहा वर्षांत ठिबकलेला नाही. ठिबकायच्या आधीच ते वायसर बदलतात.

आमच्याकडे दर गुरुवारी महाराजांची आरती होते. त्या दिवशी शिऱ्याची पहिली वाटी भाऊजींना. वाटी ते कधी रिकामी परत करत नाहीत. मैनाबाईची शिस्त आहे ती. लिंबं असतील तर लिंबं, नाहीतर कढीपत्त्याची एक काडी. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून आणतात.

समोरच्या प्लॉटवर भूषणनं घर बांधायला काढलं ते दिवाळीनंतर. भूषण इथलाच मुलगा, दहा वर्षं परदेशात थंड मुलखात राहून आला. त्याच्या आईचं हृदय कमजोर, भिलाईचा मे महिना तिला सोसत नाही. म्हणून त्यानं ठरवलं की घर गार ठेवायचं ते जमिनीच्या जोरावर. बोरची गाडी आली. पहिल्या बोरला आम्ही बायांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दोनशे फूट गेले, तसे चार बोर केले, चुनखडीची पांढरी धूळ आठ दिवस आमच्या तुळशीवर बसली. आणि मग कळलं की पाणी काढायचंच नाही.

"चार बोर, आणि प्यायला टँकर?" गल्लीतली रीना म्हणाली. "मग आपण नारळ कशाला फोडला? परत मागू का?"

भूषण हसून इंग्रजी-हिंदीत काहीतरी सांगू लागला, ते कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही. भाऊजी मात्र बोरच्या काठाशी उकिडवे बसून सगळं पाहत होते. संध्याकाळी त्यांनीच मला समजावून सांगितलं. काळा पाईप बोरमध्ये सोडायचा, तळाशी तो वळतो आणि वर येतो. चारही बोरचे पाईप वर चरात एकमेकांना जोडायचे, तिथून घरातल्या यंत्राला. आतमध्ये पाणी भरून तोंड बंद.

"दोनशे फूट खाली बारा महिने सारखंच राहते वहिनी. ना उनाळा, ना हिवाळा. घरातली गरमी हे पानी घेऊन जाते, खाली ठेवते, थंडं होऊन परत येते."

"तेच पाणी?"

"तेच. वीस वर्षं, पन्नास वर्षं, तेच. बाहेरचा एक थेंब त्याले भेटत नाही."

"बिचारं," मी म्हटलं.

ते हसले. "तुमी पान्याची बी दया करता."

जानेवारीपासून पुढचे दोन महिने घराच्या भिंती उठण्यात गेले. बोरमध्ये पाईप सोडून झाले, भोवती मातीचा घट्ट रबडा भरून झाला. राहिलं ते चरातलं काम, सगळे पाईप जोडायचं. नागपूरहून सोनल नावाची इंजिनीअर मुलगी आली होती. तिचा रायपूरचा फिटर बहिणीच्या लग्नाला गावी गेला तो आठ दिवस आलाच नाही. भूषण तिला म्हणाला, आमच्या समोर एक काका आहेत, सदतीस वर्षं पाईपच जोडले आहेत त्यांनी.

सोनलनं आधी नाक मुरडलं. प्लास्टिकच्या पाईपला ना पाना लागत ना आटे. पाईपचं तोंड सरळ कापायचं, खरवडायचं, पांढऱ्या कापडावर स्पिरिट घेऊन पुसायचं आणि मग त्याला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. विजेच्या तापत्या तव्यावर दोन्ही तोंडं सेकंद मोजून वितळवायची, दाबून धरायची, गार होईपर्यंत हलवायची नाहीत. दोन पाईपांचा एक पाईप होतो. तिनं भाऊजींकडून तुकड्यांवर तीन जोड करून घेतले, मग ते उभे चिरून वाकवून पाहिले. तिन्ही उघडले नाहीत.

"काका, हात तर मस्त आहे तुमचा," ती म्हणाली. "पण तो गमछा खांद्यावरून काढा आधी. प्रत्येक वेळी शेवटी गमछ्याचं टोक फिरवता तुम्ही."

"लोखंडाची सवय आहे बाई. कचरा राहिला त जाइंट गळते."

"इथे उलट आहे. पुसलं की गळतो."

चराजवळ एका खांबाला खिळा होता. भाऊजींनी गमछा त्यावर टांगला.

मग मी त्यांना पाहिलं तसं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. सकाळी आठला ते प्लांटचे जुने जाड बूट घालून निघत. दाराला कुलूप लावत, ते ओढून पाहत, आणि वीस पावलांवर समोर कामावर जात. प्रत्येक जोडापाशी पाईपवर पांढऱ्या खडूनं नंबर लिहीत, आणि सोनल तिच्या कागदावर नंबर आणि वेळ टिपून घेई. भाऊजीही खिशातल्या चिठोऱ्यावर तेच लिहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळीतून हाक मारून त्यांनी मला सांगितलं की पुढच्या महिन्यात रायपूरला बारा बोरचं काम आहे, सोनल म्हणाली, काका तुम्ही चला. राहायची सोय आहे. चार महिन्यांचं काम.

"धर्मेंद्रला सांगितलं?"

"अजून नाही. होऊ द्या पक्कं. आधी हे काम तिच्या मनासारखं झालं पायजे."

त्या रात्री त्यांनी भाजी दोनदा केली असावी. फोडणीचा वास आला होता.

गुरुवारी आरती झाल्यावर मी वाटी घेऊन चराशी गेले. ते आठ नंबरचा जोड करून नुकतेच उठले होते. मला पाहिल्यावर त्यांनी खिळ्यावरचा गमछा काढला आणि डोक्यावर घेतला. उघड्या डोक्यानं ते प्रसाद घेत नाहीत. उजव्या हाताखाली डावा हात धरून शिरा घेतला, खाल्ला. प्रसादाचा हात धुवायचा नसतो, डोक्यावरून फिरवायचा असतो. त्यांनी तो फिरवला, म्हणजे गमछ्यावरूनच फिरवला. त्या दिवशी तूप चांगलं पडलं होतं, वाटीच्या काठाला उभं राहिलं होतं. "महाराज पावले आज," असं म्हणून ते परत चरात उतरले. गमछा खांद्यावर राहिला. मी वाटी घेऊन घरी आले, वरण उतू जाईल म्हणून.

पुढचं मला मागून कळलं, पण इथंच सांगते. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्यांनी तीन जोड केले, नऊ, दहा आणि अकरा. सोनल वर भूषणशी यंत्राच्या जागेबद्दल बोलत होती. जेवायला घरी आले तेव्हा साबणानं हात धुतले, गमछा दोरीवर टाकला, दुसरा घेतला, तो परत खिळ्याला टांगला. शुक्रवारी दुपारी सगळे जोड झाले. पाणी भरून दाब दिला. रात्रभर, मग शनिवारी दिवसभर काटा पाहायचा होता. ते काम भाऊजींकडेच होतं. काटा हलला नाही.

शुक्रवारी कामाच्या घाईत धुणं राहिलं होतं. शनिवारी सकाळी ते गुरुवारचा गमछा धुवायला घेतात तर त्याला मुंग्या. दोरीवरून खाली, भिंतीवरून, रांग लागलेली. एका जागी गोळा झालेल्या. तिथं त्यांनी नाक लावलं तर तुपाचा वास.

मग ते माझ्याकडे वही विचारायला आले.

रविवारी बांधकाम बंद होतं. अकराला फोन आला. दादाजी, खाना खाया? हाँ बेटा. मग धर्मेंद्रनं विचारलं असावं, बाबा काय चाललं, कारण भाऊजी म्हणाले, "काही नाही. बसून राहिलो." रायपूरचं काही बोलले नाहीत. दुपारी मी पाहिलं तर ते समोरच्या चराच्या काठावर एकटेच उभे होते, हात मागे बांधून. काटा तिथंच होता जिथं शुक्रवारी होता.

सोमवारी सकाळी वाळूची ट्रॅक्टर-ट्रॉली आली. चर भरायचा, वर मुरूम, त्यावर पोर्चची फरशी. मी दाराशी तांदूळ निवडत बसले होते. भाऊजी ट्रॉलीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सोनलला म्हणाले, "बाई, थांबा थोडं. नऊ, दहा, अकरा कापा लागतीन."

मी सूप ठेवून उठले आणि समोर गेले.

"कशाला? प्रेशर तर होल्ड झालं काका. काटा बघितला न तुम्हीच."

"आज थांबला. पाच वर्षानं नाही थांबनार. मी गमछा फिरवला त्याच्यावर. गमछा तेलकट होता."

"तेलकट कसा?"

"सकाळी डोक्याले तेल लावलं होतं. डोक्यावर होता गमछा."

सोनल त्यांच्या डोक्याकडे पाहत राहिली. भाऊजींच्या डोक्यावर कानामागं चार केस आहेत, बाकी गुळगुळीत. "काका," ती म्हणाली, "कुठल्या केसांना लावलं?"

ट्रॉलीवाला हसला. भूषणही हसला. भाऊजींनी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "उगवतीन म्हणून लावतो."

मी तिथंच उभी होते, पदराला हात पुसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वहीतला अकराचा आकडा आणि त्यांचं चिठोरं माझ्या डोक्यात जुळलं ते त्या वेळी. एवढंच बोलायचं होतं की सोनल, तो शिरा माझा होता. तोंड उघडलं, तर भाऊजी घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, तुमचे तांदूळ चिमण्या खाऊन राहिल्या." मी मागे वळून पाहिलं. खरंच खात होत्या. मी गेले. जायला नको होतं, पण गेले.

पाणी सोडून तीन जोड कापले. सोनलनं ते एकेक करून उभे चिरले आणि वाकवले. दहा आणि अकरा पक्के निघाले. नऊ नंबरचा, प्रसादानंतरचा पहिला, दोन्ही अंगठ्यांनी वाकवला तर मधून सुटला. फाटला नाही, तुटला नाही. पुरी फुगून दोन पापुद्रे वेगळे व्हावेत तसा सुटला, आतून गुळगुळीत.

"सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, काका," सोनल म्हणाली. ती चांगली मुलगी आहे, आवाज चढवला नाही तिनं. "फरशीच्या खाली फुटला असता."

"म्हणून त सांगितलं."

"पण आता ऑफिसला लिहावं लागेल मला. फेल जोड निघाला की त्या माणसाला परत ट्रेनिंग केल्याशिवाय लावता येत नाही. नियम आहे."

"पायजेच न नियम. आमच्या इथं बी होता."

"रायपूरचं मी विचारते. बघू."

"हाव, पाहा."

लग्नाला गेलेला फिटर परत आलाच होता त्या दिवशी. त्यानं ते तीन जोड नव्यानं केले. भाऊजी सांगत होते, मी तवा पकडतो, निदान पाईप टेकवून धरतो. भूषणनं आतून प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली. "काका, आप बैठो. बहुत किया आपने. आराम करो, चाय मँगाता हूँ." प्रेमानंच म्हणाला. भाऊजी त्या खुर्चीवर बसले. दुपारी चारपर्यंत तसेच बसले होते, हात मांड्यांवर, बुटांच्या नाड्या घट्ट. चर भरून झाला तेव्हा उठले, खुर्ची उचलून आत ठेवली आणि घरी आले. कुलूप काढायला त्यांना वेळ लागला.

संध्याकाळी मी देवासमोर वही घेऊन बसले. लिहायचं काय ते कळेना. 'नऊ नंबर माझा' एवढं लिहिलं आणि खोडलं. महाराजांना काय विचारायचं? तुमचाच प्रसाद होता. तुमच्या मानासाठीच त्यांनी डोकं झाकलं. मी तूप कमी घातलं असतं तर? पानावर दिलं असतं तर? वाटीसोबत चमचा नेला असता तर? बारीक बारीक गोष्टी. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू कशाला मनावर घेते. त्यानं पुसलं, तू थोडीच पुसलं." आणि नाइट शिफ्टला निघून गेले.

फरशी झाली. यंत्र सुरू झालं त्या दिवशी भूषणच्या आईनं गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं, मला आणि भाऊजींनाही. बाहेर ऊन मरणाचं आणि आत माघातल्या सकाळसारखं. सगळे वाऱ्याच्या जाळीखाली उभे राहून वा वा करत होते. भाऊजी मागच्या खोलीत गेले, जिथं दोन पाईप भिंतीतून आत येतात. एका पाईपला त्यांनी तळहात लावला, मग दुसऱ्याला. मी दारात होते.

"फिरून राहिलं का?" मी विचारलं.

"फिरून राहिलं. इकडून जाते ते गरम, इकडून येते ते थंडं." त्यांनी हात काढला नाही. "आवाज बी नाही करत. पाहा न."

सोनल नागपूरला गेली. रायपूरचा फोन आला नाही. भाऊजींचा दिवा पाचलाच लागतो. बूट दाराबाहेर उन्हात दोन दिवस होते, मग आत गेले. सातनंतर त्यांच्या घरातून भांड्याचाही आवाज येत नाही. गल्लीतले नळही ते पाहायला निघाले नाहीत. आमचा मोरीतला नळ ठिबकायला लागला, सहा वर्षांत पहिल्यांदा. मी खाली तांब्या ठेवला. बोलवायचं धाडस होईना.

त्या सोमवारनंतरचा पहिला गुरुवार आला तेव्हा मी शिरा केलाच नाही. साखर-फुटाण्याचा नैवेद्य दाखवला, रीनाकडे दिला, भूषणच्या आईला दिला. बोळीच्या पलीकडे गेले नाही. वहीत लिहिलं, 'प्रसाद: साखर-फुटाणे.' कोणाला दिला ते लिहिलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच.

आज बुधवार. दुपारी वाती वळत बसले होते तर फाटकाची कडी वाजली. भाऊजी दारात, दोन्ही ओंजळीत लिंबं.

"घ्या," ते म्हणाले. "झाड लदबद झालं आहे."

मी पदरात घेतली. आठ-दहा होती, दोन पिकून पिवळी पडलेली.

"वाटी त आलीच नाही दोन गुरुवार," ते म्हणाले. "म्हटलं, वाटी नाही त नाही, लिंबं कावून वाया जाऊ द्याचे."

"साखर-फुटाणे वाटले भाऊजी."

"मले नाही भेटले."

मी म्हटलं, "भाऊजी, तो गुरुवारचा शिरा..."

"चांगला झाला होता." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. मोरीकडे कान देऊन उभे राहिले. "नळ ठिबकून राहिला तुमचा. सांगाचं नाही?"

"म्हटलं, कशाला त्रास."

"त्रास," ते म्हणाले. "वहिनी, मले आता कोनी त्रास देत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोनी त्रास देत नाही. तुमी त तरी देत जा."

ते घरी गेले, पाना आणि वायसर घेऊन आले. मोरीत बसून नळ खोलला. जुना वायसर काढला, बोटानं जागा पुसली, नवा घातला. मी उभीच होते.

"आन शिरा बंद नका करू," खाली पाहतच ते म्हणाले. "तूप कमी टाका पायजे त. बंद कावून करता. चमचा आना सोबत, मी चमच्यानं खाईन."

"चमच्यानं प्रसाद खातात का भाऊजी?"

"आता खाईन. शिकलो."

नळ घट्ट करून त्यांनी तोटी दोनदा उघडून-मिटून पाहिली. पाणी थांबलं. खालचा तांब्या भरला होता, तो त्यांनी उचलून तुळशीला घातला आणि गेले.

उद्या गुरुवार. वाती अर्ध्याच झाल्या आहेत, त्या आल्यावर वळीन. डब्यात पाहिलं तर रवा मूठभरच आहे. चौकातल्या दुकानातून पाव किलो रवा आणायला जाते.